पाव मिलिमीटरचा रोजमेळ

तुमसरच्या बाजारपेठेतील त्या जैन कुटुंबाच्या पेढीवर तीन वह्या असत. एक धानाच्या आवकेची, दुसरी उधारीची आणि तिसरी नातवाच्या तोंडाची. तिसरीही लाल कापडी बांधणीचीच होती. दिवाळीला वह्या घेताना आजोबांनी एक जास्तीची घेऊन ठेवली होती, ती अशी कामी आली. पहिल्या पानावर ‘श्री’, त्याखाली तिथी, आणि त्याखाली टपोऱ्या अक्षरांत पहिली नोंद: ‘चावी फिरवली, एक वेळ. जमा पाव मिलिमीटर.’

नातू तेव्हा नऊ वर्षांचा होता. तो जन्मला तोच डाव्या बाजूचा ओठ, हिरडीचा काठ आणि टाळू असे तिन्ही दुभंगलेले घेऊन. ओठ चौथ्या महिन्यात शिवला गेला, टाळू सव्वा वर्षाचा असताना. त्या दोन शस्त्रक्रियांनंतर घरातल्या सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता. बाळ दूध पिऊ लागले, नाकातून पेज येणे जवळजवळ थांबले, पाहुणे ‘आता काही कळतसुद्धा नाही हो’ म्हणू लागले. कळत नव्हते ते ओठावरचे. तोंडाच्या आत काय चालले आहे याकडे पुढची सहा-सात वर्षे कोणाचे लक्ष गेले नाही, आणि त्यात त्या कुटुंबाचा विशेष दोष होता असेही नाही. पिंकी सोनकर या मिर्झापूरकडच्या मुलीवरील ‘स्माइल पिंकी’ या माहितीपटाला २००९ साली ऑस्कर मिळाले, तेव्हा दुभंगलेल्या ओठाची गोष्ट देशभर पोहोचली. पण ती गोष्ट ओठ शिवून झाल्यावर, मूल आरशात पाहून हसल्यावर संपते. त्यापुढची दहा-बारा वर्षे दातांची असतात, आणि ती पडद्यावर दाखवण्याजोगी नसतात.

सातशे ते हजार जन्मांमागे एखादे बाळ असे जन्माला येते. ओठ आणि टाळू हे दोन्ही बाजूंनी वाढत येऊन मध्ये सांधले जाणारे भाग आहेत. ओठाचा सांधा गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत जुळतो, टाळूचा बाराव्या आठवड्यापर्यंत. तो का जुळला नाही याचे एकच एक कारण बहुतेक वेळा सांगता येत नाही. काही अंश आनुवंशिकतेचा, काही गर्भावस्थेतील परिस्थितीचा. परंतु ‘कारण सांगता येत नाही’ हे उत्तर कोणत्याही घराला पुरत नाही. या घरातही आजींनी एकदा बोलून दाखवले होते की, सूनबाईंनी ग्रहणात विळीवर भाजी चिरली असावी. सूनबाई त्यावर काही बोलल्या नव्हत्या. दोन दिवसांनी आजोबांनी जुने पंचांग काढले, दिवस मोजले, आणि जेवणाच्या पाटावर बसल्या बसल्या सांगितले की, ज्या आठवड्यांत ओठ-टाळू घडतात त्या आठवड्यांत ग्रहण दिसलेच नव्हते. विषय तिथे मिटला. सूनबाईंनी त्या दिवशी त्यांना आग्रहाने दुसऱ्यांदा भात वाढला, एवढे मात्र घरातील सर्वांच्या लक्षात राहिले.

दातांचा प्रश्न उघडा पडला तो शाळेतील आरोग्य तपासणीत. २०१३ च्या फेब्रुवारीत तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची एकदा तपासणी होते. जन्मजात व्यंगांच्या यादीत दुभंगलेला ओठ व टाळूही आहे. तपासणीस आलेल्या डॉक्टरांनी मुलाला तोंड मिटून दात दाबायला सांगितले. वरचे दात खालच्या दातांच्या बाहेर असायला हवेत. याच्या डाव्या बाजूला ते आत होते. वरच्या जबड्याची कमान घोड्याच्या नालेसारखी न राहता डावीकडून दुमडल्यासारखी झाली होती. पटाशीचा एक दात वळलेला, त्याच्या शेजारचा दात उगवलेलाच नव्हता. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली: नागपूर.

भंडारा ते नागपूर हे अंतर साठेक किलोमीटरचे. तुमसरहून ते आणखी वाढते. पूर्व विदर्भातील माणूस दुखण्याचे मोठे काम निघाले की नागपूरलाच जातो. तिथे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून आहे, आणि दुभंगलेल्या टाळूच्या बाबतीत तर या शहराचे नाव देशभरच्या शल्यचिकित्सकांच्या तोंडी असते. मुलाच्या कागदांवर ‘ग्रुप ३, एल’ अशी एक खूण होती. वडिलांना ती रक्तगटाची वाटली. ती नागपूर वर्गीकरणाची खूण आहे, हे त्यांना तिथे कळले. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारणारे डॉ. सी. बाळकृष्णन यांनी १९७५ साली ही सुटसुटीत पद्धत मांडली: पहिल्या गटात ओठ, दुसऱ्यात टाळू, तिसऱ्यात ओठ, हिरडीचा काठ व टाळू तिन्ही, पुढे उजव्या-डाव्या बाजूचे अक्षर. भारतात कुठल्याही रुग्णालयात ही खूण दाखवली की समोरच्याला नेमके व्यंग कळते. आपल्याच भागात जन्मलेली पद्धत आपल्याच मुलाच्या कागदावर परक्या भाषेत लिहिलेली पाहून वडिलांना गंमत वाटली.

टाळू का आक्रसला, हे समजून घ्यायला त्यांना दोन भेटी लागल्या. सव्वाव्या वर्षी टाळू शिवला तेव्हा जो व्रण राहिला, तो व्रण मुलाबरोबर वाढत नाही. कातडीवरचा जुना भाजल्याचा डाग जसा आजूबाजूची कातडी ओढून घेतो, तसा हा व्रण वर्षानुवर्षे जबड्याचे दोन्ही भाग आत ओढतो. दुभंग ज्या बाजूला असतो तिकडचा लहान तुकडा जास्त आत वळतो, आणि पुढच्या बाजूला हे आक्रसणे जास्त असते. टाळू शिवला नसता तर जबडा इतका अरुंद झाला नसता हे खरे. पण मग मूल नीट बोलू शकले नसते. ज्या टाक्यांनी वाचा दिली त्याच टाक्यांनी दातांची जागा घेतली होती.

आता करायचे ते असे. हिरडीच्या काठात जिथे दुभंग राहिला आहे, तिथे हाड नाही. त्या पोकळीत हाड भरायचे, आणि तेही वरचा कायमचा सुळा खाली उतरण्याच्या आत, म्हणजे साधारण आठ ते अकरा या वयात. सुळ्याचे मूळ अर्धे ते दोनतृतीयांश तयार झाले की ती वेळ आली असे समजतात. १९७२ मध्ये अमेरिकेतील बॉइन आणि सँड्स यांनी ही दिशा दाखवली, आणि पुढे नॉर्वेतील ऑस्लो येथील चमूने मोठ्या संख्येने मुलांवर ती पारखली. पण हाड भरण्यापूर्वी आत वळलेली कमान रुंद करून घ्यावी लागते, नाहीतर वाकड्या चौकटीतच भिंत बांधल्यासारखे होते. त्यासाठी टाळूवर बसवायचे उपकरण: दोन्ही बाजूंच्या दाढांना पक्की कडी, मध्ये एक स्क्रू. स्क्रूच्या छिद्रात लहानशी चावी घालून एकदा ढकलली की पाव मिलिमीटर अंतर वाढते. चार वेळा ढकलल्यावर एक मिलिमीटर.

ही कल्पना फार जुनी आहे. १८६० साली सॅन फ्रान्सिस्कोचे दंतवैद्य एमर्सन अँजेल यांनी चौदा वर्षांच्या एका मुलीच्या तोंडात असा स्क्रू बसवून, रोज तिलाच तो फिरवायला लावून, दोन आठवड्यांत जबडा रुंद केल्याचे लिहिले. समव्यवसायी लोकांनी त्यांना खोटे ठरवले. जबड्याची हाडे अशी उघडतात हे कोणी मान्य करायला तयार नव्हते. पुढे शंभर वर्षांनी, १९६१ मध्ये, अँड्र्यू हास यांनी ही पद्धत पुन्हा प्रतिष्ठेला आणली.

मात्र अँजेल यांच्या त्या मुलीचा टाळू अखंड होता, आणि या नातवाचा नव्हता. अखंड टाळूच्या मध्ये एक शिवण असते. स्क्रू फिरला की ती शिवण उघडते, वरच्या दोन पटाशींच्या मध्ये फट दिसू लागते, आणि उघडलेल्या जागेत शरीर स्वतःहून नवे हाड भरते. दुभंगलेल्या टाळूत ही शिवण जागेवर नसतेच. तिथे दोन सुटे तुकडे आहेत आणि त्यांना व्रणाने ओढून धरले आहे. स्क्रूने ते तुकडे दूर जातात, दुभंगाची जागा रुंद होते, पण तिथे आपोआप काही भरत नाही. म्हणून रुंद केलेली कमान तशीच धरून ठेवावी लागते. धरले नाही तर व्रण तिला परत आत ओढतो.

आणि स्क्रूचा सारा जोर पडतो तो दातांवर. उपकरण हाडाला टेकलेले नसते. ते दाढांना धरून असते. दाढा ढकलल्या जातात, आणि त्यांच्यामार्फत हाड. हाड जेवढे हलायला तयार नाही, तेवढ्या दाढा बाहेरच्या बाजूला कलतात. गालाकडच्या बाजूला दाढेच्या मुळावर हाडाचा जो पातळ पदर असतो तो आणखी पातळ होतो. कधी तिथली हिरडी खाली सरते. कधी मुळाचे टोक थोडे झिजते. दुभंगाच्या अगदी शेजारच्या दातांची स्थिती तर अधिक नाजूक. त्यांच्या एका बाजूला हाडाचा पापुद्राच असतो, आणि घाईघाईत ते दात पोकळीकडे सरकवले तर त्यांचा आधारच जातो. उपचार करणाऱ्या डॉक्टर बाई हे सर्व कागदावर आकृती काढून सांगत होत्या. वडील मान डोलावत होते. आजोबांनी मध्येच विचारले, “म्हणजे स्क्रू जेवढा उघडला तेवढा टाळू उघडला, असे नाही?”

“नाही. काही टाळूचे, काही दातांच्या कलण्याचे.”

“मग उतारा किती?”

त्यांना तो शब्द कळला नाही. वडिलांनी समजावले. आजोबांची राईस मिल होती. एक क्विंटल धान भरडले की सरकारी हिशेबाने सदुसष्ट किलो तांदूळ यायला हवा, बाकी कोंडा आणि तूस. याला उतारा म्हणतात. डॉक्टर बाई हसल्या आणि म्हणाल्या की, तोंडातला उतारा आधी सांगता येत नाही, नंतर मोजावा लागतो.

अक्षय तृतीयेच्या आठवड्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर, उपकरण बसले. ठरले होते: एक दिवसाआड एक वेळ चावी, एकूण अठ्ठावीस वेळा, म्हणजे सात मिलिमीटर, साधारण आठ आठवडे. अखंड टाळूच्या मुलांत रोज दोनदाही फिरवतात. याच्या तोंडात व्रण असल्याने सावकाश जायचे. चावी फिरवण्याचे काम आजोबांनी स्वतःकडे घेतले. वडिलांना उन्हाळी धानाच्या हंगामात बाजार समितीतून सवड नव्हती, आणि आईचा हात थरथरे.

घराच्या रीतीचा इथे एक अनपेक्षित उपयोग झाला. सूर्यास्तापूर्वी जेवण, नंतर काही नाही. त्यामुळे संध्याकाळी दात घासले की ते सकाळपर्यंत स्वच्छ राहत. उपकरणाच्या कडांत अडकलेला अन्नाचा कण रात्रभर कुजत नसे. दुभंग असलेल्या मुलांत दात किडण्याचे प्रमाण आधीच जास्त असते, काही दातांवरचे आवरणच कच्चे असते. अशा तोंडात टाळूवर लोखंड बसवले की सफाईवर सारे अवलंबून. चिक्की, कडक बुंदीचा लाडू, खारे शेंगदाणे बंद झाले. नातवाने शेंगदाण्यांसाठी एक दिवस रुसवा धरला, तोही संध्याकाळपर्यंत मिटला. मग ओसरीवर खुर्ची, आईच्या हातात बॅटरी, नातवाची मान मागे, आणि आजोबांच्या चष्म्यासमोर ती सुईएवढी चावी. चावीला दोरा बांधलेला असे, घशात पडू नये म्हणून. एक ढकल. मग वहीत नोंद. नातू विचारी, “आजोबा, आज किती झाले?” आणि आजोबा पूर्णांक-अपूर्णांकाची उजळणी करून घेत.

पहिले पाच आठवडे सुरळीत गेले. वरच्या आणि खालच्या दाढा एकमेकींवर बसू लागल्या. एक गोष्ट मात्र आईच्या ध्यानात आली: पाणी पिताना क्वचित एखादा थेंब नाकात जातो. टाळू शिवताना पुढे एक बारीकसे छिद्र राहिले होते. कमान रुंद झाली तसे ते उघडे पडले. डॉक्टरांनी याची सूचना दिलीच होती. हाड भरताना ते बंद करायचे होते.

सहाव्या आठवड्यात नातवाच्या आजोळी, गोंदियाला, लग्न होते. मुलगा आईबरोबर आठ दिवस तिकडे गेला. चावी तुमसरलाच राहिली. आजोबांनी ती मुद्दामच दिली नव्हती, लग्नाच्या धांदलीत कोण कशी फिरवील म्हणून. वहीत चार रकाने कोरे राहिले.

तो परत आला तेव्हा नागपूरची पुढची भेट जवळ आली होती. आजोबांनी आयुष्यभर पेढी सांभाळली होती, आणि थकबाकी राहिली की ती वसूल करायची असते, मुदतीच्या आत करायची असते, हे त्यांच्या हाडीमासी भिनलेले. त्यांनी दोन दिवस सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशी चावी फिरवली. चार रकाने भरले. वहीत त्यांनी ते लपवले नाही. तिथीसमोर स्पष्ट लिहिले: ‘दोन वेळ. मागील बाकी.’ दुसऱ्या रात्री नातू डावी दाढ दुखते म्हणून उठला. सकाळी त्याने वरणभात नको म्हटले. तिसऱ्या दिवशी डाव्या दाढेचे कडे हलू लागले.

नागपूरला जाताना गाडीत कोणी फारसे बोलले नाही. मौदा मागे पडल्यावर आजोबा एकदाच म्हणाले, “मी सांगतो. तू काही बोलू नको.” ते वडिलांना उद्देशून होते.

डॉक्टर बाईंनी कडे तपासले, मग वही मागितली. पाने उलटली. दोन वेळच्या नोंदीवर त्यांचे बोट थांबले. आजोबा उभे राहिले, आणि जसे एखादा मुनीम मालकासमोर चुकलेला आकडा कबूल करतो तसे, शब्द न चुकवता सारे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या की, इतक्या चोख नोंदी त्यांनी फार कमी घरांत पाहिल्या. बहुतेक पालक चुकलेल्या फेऱ्या लपवतात, आणि मग दुखण्याचे कारणच सापडत नाही. रोज दोन फेऱ्या हे काही विष नव्हे. पण इथे व्रण ताणायला वेळ लागतो. जोर त्याआधी आला की तो दाढेवर जातो. चुकलेली फेरी भरून काढायची नसते. तिथूनच पुढे जायचे असते.

स्कॅन काढायचे आधीच ठरले होते. त्यात आकडे आले. तोवर चोवीस फेऱ्या झाल्या होत्या. म्हणजे स्क्रू सहा मिलिमीटर उघडला होता. टाळूच्या हाडाच्या पायथ्याशी वाढलेली रुंदी त्याच्या निम्म्याच्या आसपास. बाकी दाढांच्या कलण्यात गेली होती. डाव्या दाढेच्या गालाकडच्या बाजूला हाडाचा पदर फार पातळ दिसत होता. डॉक्टरांनी निर्णय दिला: अठ्ठावीसपर्यंत जायचे नाही. इथेच थांबायचे. स्क्रू बंद करून उपकरण तोंडात तसेच ठेवायचे, आणि हाड भरण्याची तयारी करायची.

आजोबांनी विचारले, “हे माझ्या त्या दोन दिवसांमुळे?”

हा प्रश्न त्यांनी त्या दिवशी तीन वेळा विचारला. डॉक्टर बाईंनी तिन्ही वेळा तेच उत्तर दिले: सांगता येत नाही. तो पदर आधीच पातळ असेल. दुभंगाच्या बाजूला तो तसाच असतो. पहिल्या वीस फेऱ्यांतही दाढ कललीच असेल. शेवटच्या चार फेऱ्यांचा वाटा वेगळा काढता येत नाही. आजोबांना यातून दिलासा मिळाला असेल, असे बाहेरच्या माणसाला वाटेल. त्यांना तो मिळाला नाही. ज्या तोट्याला खाते नाही, तो त्यांना सर्वांत जड गेला. घरी आल्यावर त्यांनी चोवीसव्या नोंदीखाली आडवी रेघ ओढली. पण शिल्लक काय लिहावी हे त्यांना ठरवता आले नाही, आणि उरलेले चार रकाने तसेच ठेवले.

पावसाळा गेला. उपकरण तोंडात, चावी कपाटात. भाद्रपदात दशलक्षण पर्वात नातवाने एक दिवस एकासन करण्याचा हट्ट धरला, आणि एकाच वेळच्या त्या जेवणानंतर आईने त्याला पंधरा मिनिटे दात घासायला लावले.

थंडीच्या सुरुवातीला शस्त्रक्रियेची तारीख मिळाली, आणि त्याआधी आजींनी तो प्रश्न विचारला, जो घरात सर्वांच्या मनात होता आणि कोणी बोलत नव्हते: भरायचे हाड येणार कोठून? त्यांनी कुठेतरी ऐकले होते की, दातांच्या कामात जनावराच्या हाडाची भुकटी वापरतात. ते ऐकणे चुकीचे नव्हते. गोवंशाच्या हाडापासून बनवलेली भुकटी दंतशास्त्रात खरोखर वापरली जाते, आणि बरेच लोक न विचारता ती भरून घेतात. शल्यचिकित्सकांनी आजींना खुर्चीत बसवून सांगितले की, या कामासाठी मुलाच्या स्वतःच्या कमरेच्या हाडातला मऊ भाग हाच आजही सर्वांत भरवशाचा मानतात; त्यात जिवंत पेशी असतात आणि त्यातून दात खाली उतरू शकतो. दुसऱ्या कोणत्याही जीवाचे काही लागणार नव्हते. वडिलांनी तसे कागदावरही लिहून घेतले. विचारल्याशिवाय हे कोणी आपणहून सांगत नाही, म्हणून विचारावे, असे आजी नंतर मंदिरात भेटणाऱ्या बायकांना आवर्जून सांगत.

शस्त्रक्रियेच्या रात्री औषध आठ वाजता द्यायचे होते. आजींचा चौविहार चाळीस वर्षे मोडलेला नव्हता, आणि नातवालाही त्यांनीच सवय लावली होती. परिचारिका पेला घेऊन आली तेव्हा आईने सासूबाईंकडे पाहिले. आजींनी पेला स्वतःच्या हातात घेतला, नातवाची मान उचलली, आणि चमच्या-चमच्याने औषध पाजले. त्यावर दोघीही कधी काही बोलल्या नाहीत.

मुलगा आठवडाभर लंगडत चालला. तोंडापेक्षा कंबर जास्त दुखत होती. मुगाचे पाणी, गाळलेले वरण, पातळ खीर. नाकात जाणारा थेंब थांबला. काही महिन्यांनी क्ष-किरणाच्या चित्रात, जिथे काळी फट होती तिथे करडा पूल दिसला. उपकरण काढून आता मागे एक तार बसवली गेली, कमान धरून ठेवायला. सुळा वर, त्या नव्या हाडाच्या कडेला, तिरपा उभा होता.

डाव्या दाढेची हिरडी जरा खाली सरलेली आहे. ती तेवढीच राहील किंवा वाढेल. दर सहा महिन्यांनी मोजायची आहे. उगवला नाही त्या दाताच्या जागी पुढे सुळाच आणायचा की कृत्रिम दात बसवायचा, ते तारा लावताना ठरेल. सतराव्या-अठराव्या वर्षी वरचा जबडा मागे राहिलेला दिसला, तर तो पुढे आणायची शस्त्रक्रियाही लागू शकते. टाळू शिवलेल्या मुलांत हे होते. डॉक्टरांनी हे सर्व आधीच सांगून ठेवले आहे. तुमसरहून नागपूरच्या फेऱ्या अजून आठ-दहा वर्षे तरी आहेत, आणि मिलचा हिशेब आता वडील संगणकावर ठेवतात.

शस्त्रक्रियेनंतर सव्वा वर्षाने, एका रविवारी, नातू दात घासून ओसरीवर आला आणि आजोबांसमोर तोंड उघडून उभा राहिला. त्यांनी बॅटरी मागवली. चष्मा पुसला. डाव्या बाजूला हिरडीतून पांढरे टोक दिसत होते, तांदळाच्या कणीएवढे. आजोबांनी बराच वेळ पाहिले, मग नातवाला वही आणायला पाठवले. चार कोऱ्या रकान्यांपैकी पहिल्यात त्यांनी तिथी लिहिली, आणि जमा-नावे काहीच न मांडता पुढे लिहिले: ‘सुळा दिसला.’